दिव्यांग मुलांचा झेडपीला येणारा निधी नेमका तपासायचा कुठं? (कोल्हापूर)

एमएच०९_मामा

मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे पण वाचा. बहिणीची पोरगी चौथीत आहे, गावातल्याच झेडपीच्या शाळेत. सेरेब्रल पाल्सी आहे तिला, पायांत ताठपणा, भिंतीला धरून चालते, उजव्या हातात पेन टिकत नाही, पण डोकं एकदम तल्लख, बाई फळ्यावर गणित मांडेपर्यंत हिचं उत्तर तयार असतंय. दाखला झालाय, युडीआयडी कार्डपण (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आलंय, ६५ टक्के.

आता झालंय असं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत आला की समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्रत्येक दिव्यांग मुलामागं वर्षाला ३५०० रुपये येतात आणि मुलगी असली तर महिन्याला २०० वेगळे. बहिणीला पहिलीपासून आजवर एक रुपया नाही, आणि साहित्य म्हणाल तर नीट बसायला खुर्चीसुद्धा नाही, पोरगी बाकावर एका बाजूला कलून बसते. हेडसरांना विचारलं तर म्हणाले निधीच आलेला नाही. तालुक्याला गेलो तर तिथं म्हणाले शाळेकडनं नावच आलं नाही. परत शाळेत गेलो तर सर म्हणतात, एवढं करण्यापेक्षा कोल्हापुरात स्पेशल शाळा आहेत की, तिकडं घाला, पोरीची सोय होईल.

शाळा आणि तालुका मुद्दाम लिहीत नाही, पोरगी अजून त्याच वर्गात बसणार आहे. बारा तालुक्यांतला कुठलाही धरा. मला एवढंच सांगा की हे ३५०० खरं आहे का, असलं तर जातंय कुठं, आणि झेडपी नियमाप्रमाणं खर्च करते का नाही हे माझ्यासारख्या माणसानं तपासायचं कसं? नुसतं "आरटीआय टाका" म्हणू नका, काय लिहून टाकायचं ते सांगा.

---

रंकाळ्यावरचा

भावा, खाल्ले असतील. आणखी काय.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला रुपया दंड लावला. आणि आता आईबाप हौसेनं पोरगी शाळेत आणून सोडतायत तर शाळाच म्हणते दुसरीकडं न्या. त्याच कोल्हापुरात.

---

खडूफळा

"खाल्ले असतील" म्हणणं लई सोपं असतं रंकाळ्यावरच्या. मी मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालोय, दिव्यांग निधीचे पैसे शाळेच्या खात्यावर रोकड येऊन पडतात आणि हेडमास्तर ते खिशात घालतो असं काही नसतं. शाळेला येतं ते संयुक्त शाळा अनुदान, ते पटावर असतंय, ३० पर्यंत पट असला तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार असं. त्यातनंच लाईट बिल, खडू, रंगरंगोटी, स्वच्छता. दिव्यांगांचा निधी ही पूर्ण वेगळी बाब.

मामा, आता तुमचा मुद्दा. ३५०० हा आकडा खरा आहे, पण तो "प्रत्येक मुलाच्या हातात ३५००" असा नाही. समग्र शिक्षात समावेशित शिक्षणाचं (दिव्यांग मुलांनी बाकी मुलांबरोबर शिकायचं) अंदाजपत्रक करताना दर मुलामागं वर्षाला ३५०० पर्यंत धरायचे असा तो हिशेब आहे. त्यातनं मग गरजेप्रमाणं खर्च होतो, कुणाला श्रवणयंत्र, कुणाला व्हीलचेअर, कुणाला ब्रेल पुस्तकं, कुणाला प्रवास भत्ता, कुणाला मदतनीस भत्ता, शिवाय तपासणी शिबिरं, थेरपी. एखाद्या मुलावर १० हजार खर्च होतील आणि दुसऱ्याला त्या वर्षी काहीच लागणार नाही, हे नियमात बसतं. म्हणून "माझ्या भाचीचे ३५०० कुठं आहेत" असं विचारलंत की समोरचा सुटतो. तो म्हणणार असं काही नसतंच, आणि तो खोटं बोलत नसणार.

२०० चं मात्र तसं नाही. मुलींचा प्रोत्साहन भत्ता महिन्याला २००, वर्षात १० महिने, म्हणजे २०००, पहिली ते बारावी, आणि तो थेट खात्यावर. तो नाव घेऊन मागता येतो.

आणि स्पेशल शाळेचं. त्या शाळा वाईट नाहीत, उलट या बाबतीत कोल्हापूरनं राज्याला दाखवून दिलंय, नसीमा हुरजूक यांची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड १९८४ पासून इथं उभी आहे. पण गावातली शाळा का विशेष शाळा हे ठरवायचं पालकांनी. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ३१. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा वर असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. हेडसरांनी चांगल्या मनानं सुचवलं असेल तर ठीक, पण ती सूचनाच, आदेश नव्हे. तसं पुन्हा म्हणाले तर लेखी द्या म्हणा, देणार नाहीत.

---

फिरती_बाई

मी विशेष शिक्षिका, तालुक्याच्या गट साधन केंद्राला, तालुका मीपण सांगत नाही 🙂 रोज दुसऱ्या शाळेवर असते, म्हणून हे नाव.

मामा, "शाळेकडनं नाव आलं नाही" हे वाक्य हलक्यात घेऊ नका, निम्मं उत्तर त्यात आहे. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदणीत, प्रत्येक मुलाची वेगळी नोंद असते, त्यात विशेष गरजा असलेलं मूल आहे का, हो / नाही, आणि हो असेल तर प्रकार. तिथं जर "नाही" पडलं असेल तर तुमची भाची कागदावर धडधाकट आहे. तिच्यासाठी कुणी काही मागणार नाही, मंजूर होणार नाही, येणार नाही. आम्ही जे नियोजन वर पाठवतो ते त्या यादीवरनंच जातं. मी वर्गात जाऊन डोळ्यांनी मूल बघितलं तरी यादीत नसेल तर मला साहित्यात तिचं नाव घालता येत नाही, शाळेला सांगून आधी नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते.

का पडतं "नाही"? दाखला उशिरा मिळतो आणि पहिलीत भरलेली माहिती तशीच पुढं सरकत राहते. माहिती भरणारे गुरुजी बदलून गेलेले असतात. कधी पालकच सांगतात नका लिहू, पोरीच्या लग्नाला अडचण येईल. आणि खरं सांगायचं तर कधी शाळेलाच नको असतं, नोंद केली की मागं प्रशस्त ॲपचं स्क्रिनिंग, भेटी, रॅम्प कुठाय, प्रगती कुठाय, सगळं लागतं. एका शाळेवर मी गेले तर सर म्हणाले आमच्याकडं असं मूल नाही, आणि दारात एक पोरगं चप्पल काढून ठेवत होतं, दोन्ही हातांनी उलटा पाय सरळ करत. मी काही बोलले नाही, त्याच्याशेजारी जाऊन बसले.

तेव्हा मामा, पहिलं काम आरटीआय नाही. शाळेत जा, हेडसरांना म्हणा माझ्या भाचीचं यू-डायसचं पान उघडून दाखवा. पालकाला आपल्या मुलाची नोंद बघायचा हक्क आहे, बहिणीला बरोबर न्या. ३० सप्टेंबर ही पटाची तारीख धरतात, त्याच्या आत दुरुस्ती झाली तर पुढच्या वर्षाच्या नियोजनात नाव नक्की.

---

ह्यूस्टनची_काकू

मी मूळची राजारामपुरीतली, आता टेक्सासमध्ये. बाईंचं वाचलं आणि राहवलं नाही. नोंदच कमी ठेवायची हा प्रकार इथंही झाला, तोसुद्धा सरकारी आकडा ठरवून.

इथं १९७५ पासून कायदा आहे, आता त्याला आयडिया म्हणतात. प्रत्येक दिव्यांग मूल शाळेनं स्वतः शोधायचं, प्रत्येकाचा वैयक्तिक आराखडा करायचा आणि त्यात लिहिलंय ते फुकट द्यायचं, पैसे नाहीत ही सबब चालत नाही. आणि टेक्सासच्या शिक्षण खात्यानं २००४ मध्ये काय केलं, तर जिल्ह्यांना मोजताना ८.५ टक्के असा आकडा धरला, त्याहून जास्त मुलं विशेष शिक्षणात असली की तुमचं मूल्यमापन खराब. झालं, शाळा मुलांना नाही म्हणायला लागल्या. डिस्लेक्सिया आहे? नाही, जरा आळशी आहे. २०१६ ला ह्यूस्टन क्रॉनिकल पेपरनं ते बाहेर काढलं तेव्हा कुठं लोकांना कळलं, २०१८ ला केंद्र सरकारनं अधिकृत म्हटलं की राज्यानं कायदा मोडला. मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्या मुलांचं काय झालं ते झालं.

पैशाचा मात्र एक नियम इथला मला फार आवडतो. शाळा-जिल्ह्यानं स्वतःच्या आणि राज्याच्या पैशातनं विशेष शिक्षणावर मागच्या वेळी जितका खर्च केला त्याच्या खाली यायचं नाही. मुलं कमी झाली, जास्त पगाराची बाई रिटायर झाली, फार खर्चाचं एखादं मूल शिकून गेलं, असली कारणं चालतात, पण "यंदा बजेट टाईट आहे" चालत नाही. खाली आलात तर तेवढी रक्कम केंद्राला परत भरावी लागते. केंद्राचा पैसा आला म्हणून आपला काढून घ्यायचा हा चलाखपणा त्यानं बंद होतो. अर्थात केंद्र काही धुतल्या तांदळाचं नाही, १९७५ ला सरासरी खर्चाच्या ४० टक्के देऊ म्हणालं होतं, ते आजपर्यंत एकदाही दिलेलं नाही.

आपल्याकडं असा काही नियम आहे का?

---

ताळेबंद

काकू, मागच्या वर्षापेक्षा कमी करू नका असा नियम समग्र शिक्षात नाही. आपल्याकडं उलटं आहे, मागच्या वर्षी खर्च झाला नाही म्हणून यंदा कमी मंजूर करतात. न खर्चणाऱ्या जिल्ह्याची शिक्षा मुलांना.

मी लेखा बाजूचा माणूस, कुठल्या ऑफिसचा ते सोडा. मामा, पैसा कसा फिरतो ते समजून घ्या म्हणजे कुठं विचारायचं ते कळेल. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. ते एकत्र होऊन मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेच्या खात्यात. खाली जिल्हा, तालुका, शाळा यांची खाती झिरो बॅलन्सची, त्यात पैसे पडून नसतात, पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाईन पेमेंट प्रणालीवर लिमिट, म्हणजे किती खर्चायचं त्याची मर्यादा, मिळतं. मेकरनं एंट्री मारायची, चेकरनं पास करायची, पीपीए, म्हणजे पैसे द्यायचा आदेश, काढून बँकेत द्यायचा, मग पैसा हलतो. लिमिट येतं बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चला, ३१ मार्चला न वापरलेलं गेलं. म्हणजे हेडसर "निधी आला नाही" म्हणतात तेव्हा त्याचे अर्थ तीन होऊ शकतात, मंजूरच नव्हता, मंजूर होता पण लिमिट आलं नाही, किंवा लिमिट आलं आणि कुणी वापरलं नाही म्हणून परत गेलं. तिन्हीचा दोषी वेगळा.

म्हणून आरटीआयमध्ये मंजूर किती, वितरित किती, खर्च किती हे तीन आकडे वेगवेगळे मागायचे. "खर्चाची माहिती द्या" एवढंच लिहिलंत तर एक ओळ येईल आणि तुमचे १० रुपये गेले.

मसुदा घ्या, बदलून वापरा:

"प्रति, जन माहिती अधिकारी, शिक्षण विभाग (प्राथमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर. विषय: समग्र शिक्षा, समावेशित शिक्षण, मागील दोन आर्थिक वर्षे. (अ) मंजूर वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रकातील समावेशित शिक्षण या शीर्षाखालील बाबनिहाय तरतूद, वितरित रक्कम व प्रत्यक्ष खर्च, तालुकानिहाय. (ब) मुलींचा प्रोत्साहन भत्ता, प्रवास भत्ता व मदतनीस भत्ता यांच्या लाभार्थ्यांची तालुकानिहाय संख्या. (क) यू-डायसनुसार विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांची तालुकानिहाय संख्या, मुली व मुले वेगवेगळी. (ड) सादर केलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती."

एवढंच. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एका विषयावर असावा लागतो, म्हणून त्यात शाळेचं गाऱ्हाणं घुसडू नका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, नागाळा पार्कात झेडपीत आवकला द्या, पोच घ्या. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही. ३० दिवसांत आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथंच वरच्या अधिकाऱ्याकडं. दुसऱ्या मुलांची नावं मागू नका, ती देणार नाहीत आणि देऊही नयेत, संख्या पुरते. (ब) आणि (क) शेजारी ठेवा, दिव्यांग मुली किती आणि भत्ता कितींना, फरक दिसला की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

आणखी एक, हे फार लोकांना माहिती नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ झेडपीसारख्या ऑफिसात नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे असा राज्य सरकारचा आदेश आहे. आधी जाऊन नम्रपणे फाईल बघायला मागा, बऱ्याचदा आरटीआयची गरजच पडत नाही. राज्याला एकूण किती मंजूर झाले ते बघायचं असेल तर केंद्राच्या समग्र शिक्षाच्या वेबसाईटवर प्रकल्प मान्यता मंडळाची इतिवृत्तं टाकलेली असतात, दिव्यांगांसाठी वेगळा भाग असतो त्यात.

---

रंकाळ्यावरचा

बरं बाबा, खाल्ले असतील हे मागं घेतो. न खाता परत पाठवले असतील. पोरीला फरक काय पडला?

---

ताळेबंद

फरक पडतो की. खाल्ले तर पोलीस केस, परत गेले तर विधिमंडळाच्या पंचायती राज समितीपुढं लेखापरीक्षणातला परिच्छेद. झेडपीवाले दुसऱ्यालाच जास्त भितात, समितीचा दौरा लागला की आठ-आठ वर्षांच्या फायली खाली उतरतात.

---

खडूफळा

एक राहिलं. समग्र शिक्षा हा एकच झरा नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वउत्पन्नाचे ५ टक्के गावातल्या दिव्यांगांवर खर्चायचे असतात, झेडपी, नगरपालिका, महापालिका सगळ्यांनाच ते लागू आहे. खुर्चीसारखी गोष्ट तिथनं लवकर होते. ग्रामसभेत विचारा, आमच्या गावचे ५ टक्के म्हणजे रुपये किती आणि गेल्या वर्षी कुणाला दिले. आणि हो, शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, बहिणीला तिथं घुसवा. शाळेचा विकास आराखडा ती समिती करते, रॅम्प आणि बसायची सोय त्यात लेखी आली की हेडसरांनाही वर मागायला बळ येतं. आमच्यासारख्यांना भांडणारा पालक नको वाटतो हे खरं आहे, पण कागद घेऊन येणारा पालक हवा असतो.

---

एमएच०९_मामा

मंडळी, लई आभार. जाऊन आलो. बाईंचा अंदाज बरोबर, पान उघडलं तर "नाही". पहिलीत भरलेलं तसंच. दाखला दुसरीत मिळालाय आणि त्याची झेरॉक्स बहिणीनं तेव्हाच दिलेली, ती फायलीत होती, पण ऑनलाईन कुणी चढवली नाही. हेडसर जरा वरमले, आमच्यासमोरच "हो" केलं, युडीआयडी नंबर टाकला. स्पेशल शाळेचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीपण काढला नाही. भत्त्यासाठी पोरीचं आधार लिंक केलेलं खातं पाहिजे म्हणाले, ते काढायला टाकलंय. सोमवारी ३ वाजता झेडपीत जातोय, अर्ज खिशात ठेवूनच.

दोन शंका. मागच्या तीन वर्षांचा भत्ता आता मागता येतो का? चूक काय बहिणीची नाही. आणि खुर्चीसाठी अर्ज कुणाच्या नावानं करायचा?

---

ताळेबंद

मागचे मिळणं कठीण. ज्या वर्षी यादीत नाव नाही त्या वर्षाची तरतूदच झालेली नाही, आणि झाली असती तरी लिमिट मार्चला संपलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज करून ठेवा, दाखला कधी दिला ते फायलीतल्या झेरॉक्सच्या तारखेसकट लिहा, पण त्यावर आशा ठेवून बसू नका. यादीत नाव येऊनही पुढं काही हललं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं लेखी तक्रार द्या. तेव्हा हा अर्ज कामाला येईल.

---

ह्यूस्टनची_काकू

इथं अशा वेळी मुलाला बुडालेल्या सेवा नंतर भरून द्यायला लावतात, थेरपीचे जादा तास वगैरे. पैसे नाही मागता आले तरी जादा थेरपी मागून बघा की मामा, विचारायला काय जातंय.

---

फिरती_बाई

काकूंचं बरोबर आहे, थेरपी मागाच, आमच्या साधन केंद्रांवर फिजिओथेरपीचे दिवस असतात, वेळापत्रक तालुक्याला मिळेल.

खुर्चीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं, सोबत दाखला, युडीआयडी, आधार, फोटो. पण अर्जापेक्षा मोजमाप शिबिर महत्त्वाचं. शिबिराची तारीख तालुक्याला विचारून ठेवा आणि पोरीला घेऊनच या, नुसते कागद घेऊन येऊ नका. सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची) वयावर मिळत नाही, मापावर मिळते, कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, कंबरेची रुंदी, पाठ किती उंचीपर्यंत आधार मागते. आणि माप घेताना सांगा की पोरगी वाढती आहे, पायाची फळी आणि पाठ मागंपुढं होणारी द्या. शिबिर एका वर्षी आणि वाटप दुसऱ्या वर्षी असं होतं, एका पोराला कॅलिपरचे बूट हातात मिळाले तेव्हा त्याचा पाय त्यात जाईना, आईनं ते तसेच पिशवीत भरून घरी नेले. वाटपाच्या दिवशी बसवून बघा, बसत नसेल तर सही करू नका, जागेवर लिहून द्या की माप जुळत नाही.

तोपर्यंत बाकावर कलून बसू देऊ नका. कडेला भिंत येईल अशा जागी बसवा, पायाखाली पाट द्या, टाचा टेकल्या पाहिजेत. पेनाला जाड कापड गुंडाळून रबर लावा. याला निधी लागत नाही, उद्या होतं.

---

एमएच०९_मामा

पाट घरातलाच देतो. शिबिराचं सोमवारी झेडपीतनं परत येताना तालुक्याला विचारतो, कळलं की इथं टाकतो.